कपिलेचें मोजमाप

कोलाड हें रोहें तालुक्यांतील, मुंबई-गोवा रस्त्यावरचें, कुंडलिकेच्या कांठचें गांव. या बाजूच्या भातखाचरांत चिखलणीला जी ठेंगणी, तांबूस किंवा करडी बैलजोडी जुंपलेली दिसे, तिच्या कुळाला पुष्कळ काळ सरकारदरबारीं नांवच नव्हतें. ‘गांवठी’ एवढ्या शब्दांत तिची बोळवण होई. २०१८ सालीं कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें ‘कोंकण कपिला’ म्हणून या जनावरांची स्वतंत्र जात नोंदविली. नांव मिळालें, ओळख पटणें ही मात्र निराळी गोष्ट आहे.

ती पटविण्याचें आजचें साधन म्हणजे जीनोम, अर्थात् प्रत्येक पेशींत सांठविलेला आनुवंशिक मजकूर. गाईचा हा मजकूर सुमारें २७० कोटी अक्षरांचा, आणि मूळ अक्षरें अवघीं चार. तो एका दमांत वाचतां येत नाहीं. लहान लहान तुकडे वाचून ते जुळवावे लागतात. फाटक्या पोथीचे कपटे एखाद्या धड प्रतीवर ठेवून लावावे, तसेंच हें काम. ही धड प्रत म्हणजे संदर्भ-जीनोम. आतां ती प्रतच परक्या घराण्याची असेल, तर जो मजकूर त्या घराण्यांत नाहींच, त्याचे कपटे निरुपयोगी समजून बाजूला पडतात.

गाईची पहिली धड प्रत अशी परकीच होती. अमेरिकेंतील माँटाना प्रांतांत, माइल्स सिटी येथील संशोधनक्षेत्रावर डॉमिनेट नांवाची हेरफर्ड जातीची गाय होती. तिच्या कुळांत सगोत्र संकर इतका झालेला, कीं आईकडचा व बापाकडचा मजकूर बव्हंशीं सारखाच. म्हणून तुकडे लावणें सोपें, आणि म्हणूनच तिची निवड झाली. २५ देशांच्या ३०० हून अधिक शास्त्रज्ञांनीं सहा वर्षें खपून २००९ च्या एप्रिलांत हा जीनोम प्रसिद्ध केला. त्यांत सुमारें २२,००० जनुकें आढळलीं. तथापि जेथें तोच तोच मजकूर पुन्हां पुन्हां येतो, तेथें जोड बसेना. पुढें लांबच लांब तुकडे वाचण्याची विद्या साधली, तेव्हां २०१८ सालीं नवी आवृत्ति निघाली. ती पहिलीपेक्षां २५० पटींहून अधिक सलग होती. गाय मात्र तीच, डॉमिनेट!

वशिंडाची भारतीय गाय आणि बिनवशिंडाची युरोपीय गाय यांच्या वंशांची फाटाफूट माणसानें गाय पाळण्याच्या कितीतरी आधींची, लाखों वर्षांपूर्वींची आहे. उन्हाला टिकण्याचें, गोचिडांना दाद न देण्याचें वशिंडवाल्या गाईचें सामर्थ्य हेरफर्डच्या प्रतीवरून पुरतें कसें उलगडावें?

ही उणीव २०२० सालीं बऱ्याच अंशीं भरून निघाली, आणि तीही गमतीदार रीतीनें. ब्राह्मण जातीची गाय व अँगस जातीचा वळू यांच्या एकाच गर्भापासून दोन्ही घराण्यांचे जीनोम वेगळे काढण्यांत आले. डॉमिनेटचे मातापिता सारखे म्हणून ती निवडलेली. येथें ते अगदीं भिन्न, म्हणूनच आईचा कपटा कोणता व बापाचा कोणता हें ओळखतां आलें. परंतु ही ब्राह्मण गाय भारतांतली नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९२६ पर्यंत अमेरिकेंत नेलेल्या ३०० हूनहि कमी जनावरांपासून ती जात तेथें घडविली गेली. त्यांत गीर, कांक्रेज, ओंगोल होते, आणि सांगली-बेळगांवकडील कृष्णाकांठचीं जनावरेंहि होतीं. परदेशीं गेलेल्या लेकरांच्या दप्तरावरून आजोळची वंशावळ लावण्याचाच हा प्रकार.

पण त्या दप्तरांत कोंकण कपिला नाहीं. धोधो पाऊस, निकृष्ट चारा आणि डोंगरउतारावरची चराई यांत तग धरणारें हें कूळ कोणी बोटींत चढविलें नव्हतें. आज खाचरांत पॉवर टिलर फिरतो, बैल ठेवणें परवडत नाहीं, आणि दुधासाठीं संकर होत असतो. जीनोम वाचण्यास थोडें रक्त पुरतें. तें मात्र अजून मिसळ न झालेल्या कपिलेचें असावें लागतें.