घूस कोणाच्या बागेतली?

पालीतल्या जातककथांत 128 व्या क्रमांकाला बिलार जातक आहे. नावात मांजर असले तरी गोष्टीत आहे कोल्हा. ब्रह्मदत्त वाराणसीत राज्य करीत असताना बोधिसत्त्व उंदराच्या जन्माला आला होता, शेकडो उंदरांचा तो म्होरक्या होता, आणि एका पायावर उभा राहून तपस्व्याचे सोंग करणारा कोल्हा रांगेतला शेवटचा उंदीर रोज गट्ट करीत असे. कथेचे तात्पर्य ढोंगाबद्दल आहे. पण कथाकाराने जाता जाता त्या उंदराचा आकार सांगितला आहे: डुकराच्या पिल्लाएवढा. काशीत ज्याने दोन वाफे आणि एक आंब्याचे झाड सांभाळले आहे त्याला हे वर्णन कोणाचे ते सांगावे लागणार नाही. ही घूस. तेलुगूत तिला पंदिकोक्कू, म्हणजे डुकरउंदीर, म्हणतात. इंग्रजांनी त्याचाच बँडिकूट केला आणि पुढे तो शब्द ऑस्ट्रेलियातल्या एका पिशवीवाल्या प्राण्यालाही देऊन टाकला.

इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत हिरवळ उकरणारा 'मोल' नावाचा प्राणी असतो. मराठी कोशांत त्याच्यापुढे बहुधा चिचुंद्री असे लिहिलेले सापडते, आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो. खरा मोल भारतात पूर्व हिमालय आणि ईशान्येकडच्या डोंगरांत राहतो. गंगेच्या मैदानात तो नाही. बनारसची छछुंदर, म्हणजे आपली चिचुंद्री, त्याची लांबची नातेवाईक खरी, पण ती किडे-झुरळे खाते, मुळे कुरतडत नाही आणि वाफेही उपसत नाही. साप तिला धरतो तेव्हा त्याला ती ना गिळता येते ना टाकता येते, या लोकसमजुतीला अस्सी घाटावर राहिलेल्या तुलसीदासांनी रामचरितमानसात जागा दिली. तिची कीर्ती आहे ती एवढीच. मोलचे काम इथे घूस करते. रात्री ती जमिनीखालून बोगदे काढते, सकाळी बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा उकीर दिसतो, बऱ्याचदा तोंड आतून बंद केलेले असते, आणि आत धान्य साठवायच्या खोल्या असतात. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञांनी तिच्या लहान जातीला भारतीय मोल-रॅट म्हटले ते याच कामामुळे. बाग उद्ध्वस्त केली घुशीने आणि मार खाल्ला चिचुंद्रीने, असे मात्र अनेक घरांत होते.

बागेतली घूस घालवणे ही घरमालकाची खाजगी डोकेदुखी आहे, असे आज आपण धरून चालतो. दुकानात जायचे, पुडी आणायची, बिळात टाकायची. काशीचा इतिहास पाहिला तर ही समजूत अगदी अलीकडची दिसते. इथे घूस नेहमीच साऱ्या वस्तीची मानली गेली, आणि तिचा बंदोबस्त करणे हे एक वेगळे, अंगमेहनतीचे आणि जाणकारीचे काम होते. ते काम घराघरांत वाटले गेले आणि तिथेच बिघडले, असे माझे म्हणणे आहे.

आधी शहराकडे पाहू. काशीचे एक जुने नाव आनंदवन. 1781 च्या ऑगस्टमध्ये काशीचा राजा चेतसिंग याच्याशी भांडण उकरायला कंपनीचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज आला तेव्हा त्याचा मुक्काम माधोदासाच्या बागेत होता. श्रीमंतांचे बगीचे शहराच्या कडेने पसरलेले होते. पण गावातल्या आजच्या सार्वजनिक बागांची जन्मकथा वेगळी आहे. जेम्स प्रिन्सेप 1820 मध्ये टांकसाळीत अधिकारी म्हणून काशीत आला आणि 1830 पर्यंत राहिला. ब्राह्मी लिपी उलगडणारा तो हाच. त्याच्या काळात गावातले साचलेले पाणी गंगेत काढण्यासाठी जमिनीखालून पक्के नाले बांधले गेले, आणि मच्छोदरी, बेनिया, मैदागिन ही जुनी तळी आटली किंवा आक्रसली. त्यांच्या जागेवर बागा झाल्या. म्हणजे बाग आणि भुयारी गटार ही काशीत जुळी भावंडे आहेत. वर भुसभुशीत गाळाची माती, खाली विटांचा ओला बोगदा, शेजारी धान्याची बाजारपेठ: घुशीला याहून सोयीचे घर कोणी बांधून दिले नसते. अशा शहरात एकाच कुंपणाच्या आत राहणारी घूस असूच शकत नाही. ती नाल्यातून येते, तीन घरे ओलांडते आणि चौथ्याच्या बागेत तोंड काढते.

जुन्या राज्यशास्त्राला ही गोष्ट नीट कळलेली होती. अतिवृष्टी, अनावृष्टी, टोळ, पोपट आणि शेजारचा राजा यांच्या पंगतीला उंदीर बसवून आपल्याकडे सहा ईती मोजतात. म्हणजे उंदीर हे राज्यावरचे संकट. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चौथ्या अधिकरणात दैवी आपत्तींवरचे उपाय आहेत, त्यांत उंदरांचा वेगळा विचार आहे. मांजरे आणि मुंगूस सोडावेत. त्यांना पकडणाऱ्या-मारणाऱ्याला बारा पण दंड करावा. निवडुंगाच्या चिकाने माखलेले धान्य पेरून ठेवावे. गरज पडल्यास लोकांवर उंदरांचा कर बसवावा, म्हणजे ठरावीक उंदीर आणून द्यायला लावावेत. आणि पर्वाच्या दिवशी उंदरांची पूजाही करावी. हा ग्रंथ म्हैसूरच्या शामशास्त्रींच्या हाती लागला आणि 1909 मध्ये छापला गेला, तेव्हा विद्वानांनी त्यातल्या हेरखात्याची चर्चा केली. उंदरांच्या कराकडे फारसे कोणी पाहिले नसावे. मला तो कर त्या प्रकरणातला सगळ्यांत शहाणा भाग वाटतो. विष आहे, पण एकटे नाही. त्याच्या बरोबरीने शत्रूप्राण्याला संरक्षण आहे आणि प्रत्येकाचा वाटा ठरलेला आहे. ज्याच्या घरी उंदीर नाही त्यालाही कर चुकत नाही.

हे झाले ग्रंथातले. प्रत्यक्ष जमिनीवर हे काम करणाऱ्या जातीचे नावच त्या कामावरून पडले आहे: मुसहर. भोजपुरीत मूस म्हणजे उंदीर. वाराणसी, मिर्झापूर, जौनपूरपासून बिहारपर्यंत पसरलेल्या या लोकांवर जे. सी. नेसफील्ड याने 1888 मध्ये कलकत्ता रिव्ह्यूत सविस्तर लेख लिहिला. मिर्झापूरला कलेक्टर राहिलेल्या विल्यम क्रुक याच्या 1896 च्या चार खंडी जातिकोशातही ते आहेत. पत्रावळी-द्रोण लावणे, पालखी वाहणे, शेतमजुरी, आणि पीक निघाले की बांध-वाफे उकरून उंदीर व त्यांनी साठवलेले धान्य काढणे, असे त्यांचे जगणे होते. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. वॉल्टर एलियट या धारवाडकडच्या अधिकाऱ्याने 1839 मध्ये दक्षिण मराठा मुलखातल्या सस्तन प्राण्यांची यादी छापली, तीत हीच घूस आहे. वडार लोक ती खाण्यासाठी मोठ्या संख्येने पकडतात, आणि तिच्या बिळांतून इतके धान्य काढतात की त्या हंगामात बहुतांशी त्यावरच गुजराण करतात, असे त्याने नोंदवले आहे. गंगाकाठी मुसहर आणि मलप्रभेकाठी वडार: दोघेही माती खणणारे, दोघेही भूमिहीन, आणि दोघांनाही कोणते बीळ जिवंत आहे ते उकिराच्या ओलीवरून कळते. चोरवाटा आधी बुजवायच्या, एकच तोंड मोकळे ठेवायचे, धूर किंवा पाणी सोडायचे, आणि मग साठ्याच्या खोलीपर्यंत खणत जायचे. पुडी टाकणाऱ्याला बीळ दिसत नाही, फक्त त्याचे तोंड दिसते. खणणाऱ्याच्या हातून मादी, पिल्ले, साठा आणि बोगदा हे सगळे एकाच खेपेत निकालात निघते. पुढच्या घुशीला आयते बीळ उरत नाही. आयत्या बिळावर नागोबा, अशी म्हण आहेच.

मग हे मोडले कसे? पहिला धक्का प्लेगचा. उंदीर मरणे आणि माणसे मरणे यांचा संबंध इकडे पूर्वी दिसला नव्हता असे नाही. पार्श्वनाथाच्या जन्मगावावरून, म्हणजे बनारसवरून, ज्याचे नाव ठेवले त्या बनारसीदास या जैन कवीने 1641 मध्ये अर्धकथानक हे आत्मचरित्र लिहिले; त्यात जहांगीरच्या काळातल्या आग्ऱ्याच्या गाठीच्या रोगात उंदीर मरत होते आणि वैद्यही मरत होते, असे आहे. पण 1896 ला मुंबईत प्लेग आला, 1898 मध्ये पॉल-लुई सिमाँ याने उंदराची पिसू हा दुवा दाखवला, आणि उंदीर सरकारी शत्रू झाला. पिंजरे आले, पाठोपाठ विष. झिंक फॉस्फाइडची पुडी स्वस्त आणि कोणालाही मिळणारी; तिने हे काम प्रत्येकाच्या मुठीत आणून ठेवले. खणणाऱ्याला बोलावणे, त्याला आवारात घेणे, त्याने काढलेल्या धान्यावर त्याचा हक्क मानणे, हे सगळे टळले. यात जातीची शिवाशीव होती, हे झाकण्यात अर्थ नाही. पुडीला विटाळ नव्हता.

यावर पहिला आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. मुसहराचे उंदीर पकडणे ही कला कसली, ती भूक होती. ज्याला जमीन मिळू दिली नाही त्याने दुसऱ्याच्या शेतातल्या बिळातून दाणे वेचले, त्याचे गुणगान कशाला? गुणगान मीही करीत नाही. पण भुकेपोटी शिकलेली गोष्ट खोटी ठरत नाही; तिचे मोल दिले गेले नाही, एवढेच सिद्ध होते. मुंबई महापालिका रात्रपाळीचे मूषक संहारक नेमते. हातात काठी आणि विजेरी, रात्रीला तीस उंदरांचे लक्ष्य. काम नकोसे आहे, पण ते पालिकेचे आहे आणि त्याला पगार आहे. तेव्हा प्रश्न कामाचा नसून मोबदल्याचा आणि मानाचा आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: विषाने घुशी मरतात की नाही? मरतात. पण झिंक फॉस्फाइड टाकण्याआधी दोन-तीन दिवस साधे आमिष ठेवून घुशीला चटक लावावी लागते, आणि घरोघर हीच पायरी गाळली जाते. जी थोडे खाऊन वाचते ती पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही. मेलेली घूस घुबड, मांजर खातात, आणि त्यांच्यावरही संकट येऊ शकते. म्हणजे कौटिल्याने ज्यांना दंड लावून राखले त्यांचाच काटा निघू शकतो. शिवाय मोकळ्या झालेल्या बिळात शेजारची घूस येते, कारण तिची तीन आठवड्यांची गर्भावस्था आपल्या बागकामाच्या उत्साहाहून वेगवान आहे. कृषिशास्त्रज्ञही सांगतात की मोहीम एकाच वेळी साऱ्या शिवारात करावी. उत्तर प्रदेश सरकारच्या संचारी रोग नियंत्रण अभियानात कृषी विभागाकडे उंदीर आणि छछुंदर आवरण्याचे काम दिलेले आहे, स्क्रब टायफसच्या भीतीने. (छछुंदर बागेपुरती निर्दोष असली तरी रोगाच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही.) म्हणजे फिरून गाडी उंदरांच्या करापाशीच आली.

तिसरा आक्षेप श्रद्धेचा. छप्पन विनायकांच्या काशीत गणपतीचे वाहन मारायचे कसे? हा आक्षेप जुन्या लोकांना फारसा अडवीत नसे, असे दिसते. ज्या प्रकरणात पर्वाची मूषकपूजा आहे त्याच प्रकरणात चिकाने माखलेले धान्यही आहे. काशीत नागपंचमीला नागकुव्यावर पतंजलीच्या नावाने लोक जमतात, तो नागही उंदरांवरच जगतो. देवाचे वाहन म्हणून मान आणि वाफ्यातला चोर म्हणून शिक्षा, या दोन गोष्टी एकाच घरात नांदत होत्या.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उंदरांना उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या परिशिष्टात टाकले होते. 2022 च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच गेले. मुंगूस मात्र संरक्षित आहे, कौटिल्याच्या काळात होता तसा. तेव्हा बनारसमध्ये ज्याच्या दोडक्याच्या वाफ्यात उद्या सकाळी उकीर दिसेल त्याने पुडीसाठी दुकानात जाण्याआधी डावी-उजवीकडची चार दारे ठोठावावीत, सगळ्यांनी मिळून खणणारा माणूस बोलवावा, आणि त्याला गवंड्याइतकी मजुरी द्यावी.