एकाच विषाणू संदेशातून दोन घातक प्रथिने. गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील ‘स्प्लायसिंग’

गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमीच ह्युमन पॅपिलोमा विषाणूच्या (एचपीव्ही) दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून उद्भवतो. त्यातील १६ आणि १८ हे दोन प्रकार सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये कारणीभूत ठरतात. हा संबंध उलगडणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड झुर हाउसेन यांना २००८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात २०२२ मध्ये या रोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळपास ८० हजार महिलांचा मृत्यू झाला, असा जागतिक अंदाज आहे.

या विषाणूची जनुकीय संहिता जेमतेम आठ हजार आधारजोड्यांची. कर्करोगास मुख्यतः त्यातील दोन प्रथिने जबाबदार असतात. ‘ई६’ हे पेशीतील रक्षक ‘पी५३’ प्रथिन नष्ट करवते, तर ‘ई७’ पेशीविभाजनावर लगाम ठेवणारे रेटिनोब्लास्टोमा प्रथिन निकामी करते. विशेष म्हणजे दोन्हींची माहिती एकाच संदेशवाहक आरएनएवर असते. आरएनएतील काही भाग कापून उरलेली टोके जोडण्याच्या प्रक्रियेला ‘स्प्लायसिंग’ म्हणतात. येथे कापला जाणारा भाग ‘ई६’च्याच मजकुरात येतो. तो तसाच राहिला तर पूर्ण ‘ई६’ तयार होते. कापला गेला तर ‘ई६’ खुंटते आणि ‘ई७’ची निर्मिती सुकर होते.

ही कापणी किती व्हावी, हे विषाणू एकटा ठरवत नाही. एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर (ईजीएफ) हे वाढीचा संकेत देणारे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला चिकटते आणि तो संकेत आत ‘ईआरके’ प्रथिनांपर्यंत पोहोचतो. त्यानुसार आरएनएला चिकटून कापणीची जागा ठरवणाऱ्या प्रथिनांचे काम बदलते. हायडेलबर्ग येथील जर्मन कर्करोग संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी एचपीव्ही-१६ असलेल्या पेशींवरील हे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध केले. ईजीएफ असताना अखंड ‘ई६’चे पारडे जड होते, ते काढून घेताच कापणी वाढली आणि ‘ई७’ही वाढले.

उपचारांच्या दृष्टीने मेख इथेच आहे. ईजीएफचा संकेत रोखणारी औषधे अन्य काही कर्करोगांत वापरात आहेत. मात्र येथे एक घातक प्रथिन दाबताना दुसरे बळावण्याची शक्यता राहते. अर्थात हे प्रयोग प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरचे. रुग्णाच्या गाठीत एकाच वेळी अनेक संकेत कार्यरत असतात. प्रतिबंधक लस नवा संसर्ग रोखते, पेशीत आधीच शिरलेल्या विषाणूवर तिचा उपाय चालत नाही. त्यामुळे ‘ई६’ आणि ‘ई७’ या दोहोंना एकाच वेळी रोखण्याच्या मार्गांचा शोध सुरू आहे.