घरांतील गारवा आणि घरची दुरुस्ती

मुंबईच्या माणसानें भर उन्हाळ्यांत जत तालुक्यांतील एखाद्या घरीं पाणी प्यावें, म्हणजे त्यास पहिलें आश्चर्य वाटतें तें पाण्याच्या गारव्याचें. हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला. पाऊस थोडा आणि तोहि बेभरंवशाचा. बाहेर ऊन असें कीं डोळे उघडवत नाहींत, आणि घडवंचीवरच्या माठांतलें पाणी मात्र दांतांस झोंबावें इतकें थंड! तोच माठ मुंबईस आणून ठेवा. पाणी जेमतेम निवेल. दोष माठाचा नव्हे, हवेचा आहे. पाणी वाफ होऊन उडतांना मागें उरलेल्या पाण्यांतली उष्णता घेऊन जातें. एक ग्रॅम पाणी उडालें, कीं सुमारें ५८० कॅलरी उष्णता त्याबरोबर गेली. जतची कोरडी हवा ही वाफ आनंदानें घेते. मुंबईची हवा आधींच ओलाव्यानें भरलेली, तिला आणखी नको असते. जेथें पाण्याचें दुर्भिक्ष्य तेथेंच तें फुकट गार व्हावें, आणि जेथें पाणी मुबलक तेथें गारव्यासाठीं दाम मोजावे लागावेत, ही सृष्टीची एक गंमतच म्हणावयाची.

घरांतला रेफ्रिजरेटर बिघडला असतां घरच्या माणसानें स्वतः काय करावें व काय करूं नये, हा प्रश्न हल्लीं घरोघर पडतो. त्याचें उत्तर यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकेपेक्षां इतिहासांत अधिक चांगलें सांपडतें, असें मला वाटतें. गारवा उत्पन्न करण्याचें साधन एके काळीं सर्वस्वीं घरच्या माणसाच्या, खरें म्हणजे गृहिणीच्या, हातांत होतें. पुढें तें त्या हातांतून निसटलें. पण समजलें जातें तितकें निसटलेलें नाहीं.

जत हें पूर्वीं डफळे घराण्याचें संस्थान. सातारकर छत्रपतींच्या जहागिरदारांपैकीं एक. १९४८ सालीं तें मुंबई प्रांतांत विलीन झालें, १९४९ सालीं नव्या दक्षिण सातारा जिल्ह्यांत आलें, आणि १९६० सालीं त्या जिल्ह्यास सांगली हें नांव मिळालें. संस्थानी अमदानींत ह्या भागांतील सामान्य घराचें शीतगृह म्हणजे माठ, रांजण, प्रवासांत कॅनव्हासची छागल, आणि दुधाच्या भांड्याभोंवतीं गुंडाळलेलें ओलें फडकें. ह्या साधनांची एक थोरवी अशी, कीं त्यांचा बिघाड घरांतल्या पोरीबाळींसहि समजत असे. माठ जुना झाला, पाण्यांतल्या क्षारांनीं त्याचीं छिद्रें बुजलीं, कीं पाणी गार होईनासें होई. मग माठ रिकामा करून काथ्यानें खसाखसा घांसावयाचा, उन्हांत खडखडीत वाळवावयाचा, आणि पुन्हां वाऱ्याच्या वाटेवर ठेवावयाचा. कोंदट कोपऱ्यांत ठेविलेला माठ काम करीत नाहीं, हें सांगण्यास पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाची जरूर नव्हती.

पण माठ पाणी गार करील. त्याचा बर्फ कोठून करणार? ती विद्याहि आपल्या देशांत होती. अकबराच्या दरबारीं सोरा विरघळवून त्या थंड मिश्रणांत पाण्याची सुरई फिरवीत, हें ‘आईन-इ-अकबरी’ वरून दिसतें. सर रॉबर्ट बार्कर ह्या सेनापतीनें १७७५ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीस अलाहाबादेकडील बर्फ करण्याची रीत कळविली. उघड्या मैदानांत सुमारें दोन फूट खोल रुंद खड्डे खणून त्यांत उंसाचीं चिपाडें वा कडबा पसरीत, आणि त्यावर मातीच्या बिनझिलईच्या उथळ परळांत पाणी भरून ठेवीत. हिंवाळ्याच्या निरभ्र, निवांत रात्रीं हवा गोठणबिंदूच्या वर असतांनाहि त्या पाण्यावर बर्फ धरे. कारण असें, कीं उघड्या आकाशाखालीं पृष्ठभागाची उष्णता वर निघून जाते, आणि खालच्या कडब्यामुळें जमिनीची ऊब पाण्यापर्यंत पोंचत नाहीं. ही गोष्ट ज्यास खोटी वाटेल त्यानें महाबळेश्वरास हिंवाळ्यांत मुक्काम करावा. वेण्णा तलाव व लिंगमळा ह्या भागांत कडक थंडीच्या पहाटे दंव गोठून गवतावर पांढरें होतें. रीत तीच, फक्त परळ नाहींत.

मुंबईस ह्यांतलें कांहींच साधण्यासारखें नव्हतें. तेथें ना कोरडी हवा, ना कडक थंडी. म्हणून मुंबईनें बर्फ मागविला तो थेट अमेरिकेहून! बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर ह्या व्यापाऱ्यानें १८३३ सालीं ‘टस्कनी’ नांवाच्या जहाजांतून कलकत्त्यास सुमारें १८० टन बर्फ धाडला. जहाज चार महिने चाललें, विषुववृत्त दोनदां ओलांडलें, आणि तरीहि निम्म्याहून अधिक बर्फ शाबूत उतरला. ट्यूडरची सारी करामत लाकडाच्या भुशांत होती. भुशांत अडकलेली हवा उष्णतेस आंत येऊं देत नाहीं. आजच्या रेफ्रिजरेटरच्या भिंतींत जो फेस भरलेला असतो, तो ह्या भुशाचाच वंशज होय. पुढच्याच वर्षीं, १८३४ सालीं, मुंबईस बर्फ आला व जहांगीर नसरवानजी वाडिया यांच्या पेढीनें तो चार आणे पौंड ह्या दरानें विकला. जमशेटजी जीजीभाई यांनीं मेजवानींत आइस्क्रीम दिलें. यजमान व पाहुणे यांस सर्दी झाली, आणि झाली तें बरेंच झालें, अशा अर्थाचा शेरा ‘मुंबई समाचारा’नें मारल्याचें सांगतात. नव्या वस्तूचें स्वागत आपल्याकडे बहुधा असेंच होतें! पुढें मुंबईस बर्फासाठीं खास बर्फघर उभें राहिलें. मद्रासचें तसलें बर्फघर अजून उभें असून तें विवेकानंदांच्या स्मारकाचें स्थान झालेलें आहे.

हा व्यापार मारला तो वाफेच्या यंत्रानें. १८७० नंतरच्या दशकांत मद्रास व कलकत्ता येथें बर्फाच्या कंपन्या निघाल्या, आणि बोस्टनच्या तळ्यांतला बर्फ आणणें परवडेनासें झालें. बर्फ आतां कारखान्यांत होऊं लागला, आणि मोठ्या शहरांतून भुसा लावलेल्या लाद्या गोणपाटांत गुंडाळून घरोघर जाऊं लागल्या. ह्याच काळांतील घरगुती यंत्र म्हणजे आइस्क्रीमचें पॉट. नॅन्सी जॉन्सन ह्या अमेरिकन बाईनें हातानें फिरवावयाच्या अशा पॉटाचें पेटंट १८४३ सालीं घेतलें. मधल्या डब्यांत आटवलेलें दूध, भोंवतीं बर्फ व जाडें मीठ, आणि दांडा फिरविण्यास घरांतलीं मुलें. मिठानें बर्फ लवकर वितळतो व वितळण्यास लागणारी उष्णता दुधांतून ओढून घेतो; नीट प्रमाण साधलें तर मिश्रण शून्याखालीं २१ अंश सेंटिग्रेडपर्यंत उतरूं शकतें. पॉटाची बादली वर्षभर माळ्यावर वाळून तिच्या फळ्या आकसत व खारें पाणी गळूं लागे. त्यावर उपाय एकच, आणि तो प्रत्येक घरास ठाऊक: आदल्या रात्रीं बादली पाण्यांत भिजत टाकणें. फळ्या फुगल्या कीं गळती बंद.

येथपर्यंत गारव्याचें साधन उघडें होतें. डोळ्यांस दिसे, हातास लागे, आणि बिघडलें तर कारणहि दिसे. खरें स्थित्यंतर झालें तें ह्यापुढें.

१९२७ सालीं जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें जें घरगुती कपाट बाजारांत आणलें, त्यांत मोटर आणि काँप्रेसर एकाच पोलादी कवचांत कायमचीं बंद केलेलीं होतीं. तत्त्व माठाचेंच. द्रव वाफ होतांना उष्णता ओढतो, तो येथेंहि ओढतो. फरक एवढाच, कीं माठांतलें उडालेलें पाणी आपण सोडून देतों, आणि येथें उडालेली वाफ काँप्रेसरनें दाबून, पाठीमागच्या जाळींत तिची उष्णता बाहेर टाकून, पुन्हां द्रव करून आंत पाठविली जाते. ती सोडून देण्याजोगी नव्हतीच. त्या काळीं नळ्यांत सल्फर डायऑक्साइड, मेथिल क्लोराइड असले विषारी वायु असत, आणि गळतीनें माणसें दगावल्याच्या हकीकती वृत्तपत्रांत येत. त्या भीतीपायींच आइन्स्टाइन व झिलार्ड ह्या शास्त्रज्ञांनीं हलता भाग मुळींच नसलेल्या रेफ्रिजरेटरचें पेटंट १९३० सालीं मिळविलें. त्याच सुमारास फ्रेऑन हा बिनविषारी वायु निघाला व भीति गेली; पण कवच मात्र बंदच राहिलें.

तरी एक जातीचें कपाट ह्या काळांत असें निघालें, कीं त्याच्या मालकास पुन्हां माठाच्या काळचा अधिकार मिळाला. बाल्ट्झार फॉन प्लाटेन व कार्ल मुंटर्स ह्या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनीं १९२२ सालीं तें शोधून काढलें व पुढें इलेक्ट्रोलक्स कंपनीनें तें जगभर विकलें. त्यास वीज लागत नाहीं. खालीं रॉकेलचा दिवा जळतो व त्याच्या आंचेवर अमोनिया, पाणी व हैड्रोजन यांचा खेळ चालून वर बर्फ होतो! विजेवांचून असलेल्या मुलुखांत मळेवाले, मिशनरी, डॉक्टर अशा लोकांनीं तीं वापरलीं. त्याची निगा म्हणजे दिव्याची निगा. वात सरळ कापावी, ज्योत निळी ठेवावी, धुराडें झाडावें, आणि कपाट अगदीं समपातळींत बसवावें. तें कलतें असलें तर आंतला द्रव नळ्यांत साचून राहतो व गारवा थांबतो. असें झालें तर जाणते लोक दिवा विझवून, तेल काढून, अख्खें कपाट कांहीं तास उलटें करून ठेवीत, मग सुलटें करून कांहीं वेळ तसेंच राहूं देत, आणि पुन्हां दिवा लावीत. साचलेला द्रव जागचा हलून पुष्कळदां यंत्र पूर्ववत् चाले. हा उपाय मात्र आपल्या आजच्या विजेच्या कपाटावर कोणीं करूं नये. त्यांत काँप्रेसरचें तेल नळ्यांत शिरून उलट नुकसान होतें.

आपल्या देशांत गोदरेजनें १९५८ सालीं पहिला रेफ्रिजरेटर बनविला. आज सातारा जिल्ह्यांतच, शिरवळ येथें, ह्या कंपनीचा कारखाना आहे. आणि तासगांव-सांगलीकडील बेदाण्यांचीं मोठमोठीं शीतगृहें तर ह्या विद्येवरच उभीं आहेत. ज्या भागांत गारवा माठापुरता होता, तेथें आतां द्राक्षाच्या पिकाचा भाव बंद कवचांतल्या वायूवर अवलंबून असतो.

मग घरच्या माणसानें कोठवर जावें? माझा अनुभव व अभ्यास असें सांगतो, कीं कवचाबाहेर जें आहे तें बहुतेक आपलें आहे. दाराच्या रबरी पट्टींत कागदाचा कपटा धरून दार लावावें. तो सहज ओढून निघाला तर पट्टी सैल झाली, बाहेरची हवा आंत जाते असें समजावें. पट्टी साबणाच्या पाण्यानें पुसावी, न सुधारल्यास बदलावी. पाठीमागें जाळी असेल तर बटण बंद करून, प्लग काढून तिच्यावरची धूळ झाडावी. जतसारख्या धुळीच्या मुलुखांत ही धूळ म्हणजे त्या जाळीवर घातलेली घोंगडीच. तळाशीं पाणी साचत असेल तर आंतलें निचऱ्याचें भोंक कोंबलेलें असतें. कोमट पाणी सोडून तें मोकळें होतें. आपोआप बर्फ करणाऱ्या यंत्रांत बर्फ लहान होऊं लागला, तर आधीं पाण्याची गाळणी व पाणी सोडणारी झडप पाहावी. कूपनलिकेच्या कठीण पाण्याचा पांढरा थर तेथें बसतो. ज्या क्षारांनीं माठाचीं छिद्रें बुजत, तेच हे. वीज गेली व लगेच आली, तर चार-पांच मिनिटें थांबूनच यंत्र सुरू करावें, म्हणजे नळ्यांतला दाब सारखा होऊन मोटरवर ताण पडत नाहीं.

बर्फ खरवडण्यास सुरी मात्र कधीं घेऊं नये. ती पातळ पत्र्यांतून आरपार जाऊन खालची नळी फोडते, आणि वायु निघून गेला कीं घरगुती दुरुस्ती संपली. पूर्वींचा फ्रेऑन सुटला तर आकाशांतील ओझोनच्या थरास घातक. म्हणून १९८७ च्या माँट्रिअल करारानें तो मागें हटविला, व १९९२ सालीं भारतहि त्या करारांत सामील झाला. आजच्या कित्येक कपाटांत आयसोब्यूटेन असतो, तो आकाशास बाधत नाहीं. पण तो ज्वालाग्राही आहे. त्या नळीस झाळणें लावणें हें शिकलेल्या कारागिराचें काम. घरच्या हौशी माणसानें तें हातीं घेणें म्हणजे स्वयंपाकघरांत आग खेळविणें होय. तो वास नसलेला असतो, ही आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी.

कपाट बंद पडलें असतां जिवाची चिंता असते ती दुधाची नव्हे, औषधांची. घरांत मधुमेहाचा रोगी असेल तर इन्शुलिन बर्फाच्या कप्प्यांत ठेवूं नये; गोठलेलें इन्शुलिन निकामी होतें. दुरुस्ती लांबली, तर जेथें रेफ्रिजरेटर नाहीं अशा उष्ण देशांत मातीच्या भांड्याचाच आश्रय घेतात. कोरड्या हवेंत तें तपमान पुष्कळ उतरवितें. मात्र किती दिवस चालेल तें डॉक्टरांस विचारूनच ठरवावें.

आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतून लसी ज्यांत ठेवितात, त्या पेटीस ‘आइस लाइन्ड रेफ्रिजरेटर’ म्हणतात. तिच्या भिंतींतून पाणी भरलेलें असतें. वीज असतांना त्याचा बर्फ होतो, आणि वीज गेली कीं हा बर्फ हळूहळू वितळत राहून आंतलें तपमान २ ते ८ अंशांच्या दरम्यान सांभाळतो. दार पुढें नसून वर झांकणासारखें असतें, कारण थंड हवा जड. पुढचें दार उघडलें कीं ती सांडून जाते. आंत बर्फाचा थर पांच मिलिमीटरहून जाड होऊं देत नाहींत, आणि तपमान सकाळीं व सायंकाळीं तेथील कर्मचारी वहींत टिपून ठेवतात.