मांडवीपासून आसगावपर्यंत

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात आसगाव हे गाव आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा भाताचा मुलूख. मुंबईच्या गोदीलगत वसलेल्या मांडवीच्या दाट चाळींशी त्याचे नाते ते काय असणार, असे कोणालाही वाटेल. तरीही २०२० च्या मार्च महिन्यात विदर्भातले आठवडी बाजार बंद झाले, शाळांना कुलपे लागली, अंत्यविधीला वीस माणसे अशी मोजदाद ठरली, तेव्हा या आज्ञांमागे एक जुना कायदा उभा होता. त्या कायद्याचा जन्म मांडवीतल्या एका तापातून झाला होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी संमत झालेला हा साथरोग कायदा मुंबई इलाख्याला लागू झाला आणि त्या वेळी मध्य प्रांतात असलेल्या भंडाऱ्यालाही. पुढे सव्वाशे वर्षे तो टिकला.

साथीचे नियम, लस आणि नियम करणाऱ्यांचे वर्तन यांवर गेल्या काही वर्षांत पुष्कळ वाद झाले. लोक अडाणी आहेत, त्यांना शिस्त नाही, असे एका बाजूने म्हटले गेले. सरकार जुलमी आहे, असे दुसऱ्या बाजूने. हे दोन्ही सूर १८९७ मध्येही उमटले होते. म्हणून त्या काळाकडे एकवार वळून पाहणे उपयोगाचे ठरेल.

न ऐकलेला इशारा

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवीतील रुग्ण तपासताना डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांना काखेत आणि जांघेत गाठी आलेले तापाचे रोगी आढळले. डॉ. व्हिएगस हे गोव्यातील हडफड्याचे सुपुत्र, आपल्याच ख्रिस्तसभेतले एक गृहस्थ आणि मुंबई महापालिकेचे सभासद. हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ते कोणालाच रुचले नाही. बंदराचा व्यापार थांबेल ही व्यापाऱ्यांची चिंता होती, तर शहरात घबराट पसरेल ही अधिकाऱ्यांची. थोड्याच आठवड्यांत सूक्ष्मजंतूंच्या तपासणीने व्हिएगस यांचे निदान खरे ठरले. पुढे १९०६ मध्ये ते महापालिकेचे अध्यक्ष झाले. धोबीतलाव परिसरातला त्यांचा पुतळा आजही त्या पहिल्या इशाऱ्याची साक्ष देतो.

प्रथम नाकारलेला धोका एकदा मान्य करावा लागला की सत्ता बहुधा दुसऱ्या टोकाला जाते. ऑक्टोबरमध्येच रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलविण्याचे अधिकार घेण्यात आले. रुग्णालयात गेलेला माणूस परत येत नाही, ही गोष्ट लोक डोळ्यांनी पाहत होते. रोगी आधीच शेवटच्या अवस्थेत नेले जात, त्यामुळे तेथे मृत्यू अधिक होत, हे त्यांना कोणी समजावून सांगितले नाही. ऑक्टोबर १८९६ च्या अखेरीस सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. पुढील काही महिन्यांत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती गावोगाव निघून गेली, आणि जाताना आपल्याबरोबर रोगही घेऊन गेली.

अशा वेळी घाईने जो कायदा झाला तो अवघ्या चार कलमांचा. सरकारला हवे ते नियम करण्याचा अधिकार त्यात होता. नियम मोडणाऱ्याला शिक्षा होती. सद्‌हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध दावा चालणार नाही, असे संरक्षणही होते. नव्हते ते एवढेच की, ज्याच्या घरात अधिकारी शिरणार त्याने दाद कोठे मागावी. पुढचा सारा इतिहास या एका उणिवेभोवती फिरतो.

पुण्याची झडती

प्लेग पुण्यात पोहोचला तेव्हा वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. मार्च १८९७ च्या मध्यापासून मे महिन्याच्या मध्यानंतरपर्यंत सुमारे ९०० अधिकारी व शिपाई घरोघरी झडती घेत होते. रोगी आढळल्यास त्याला रुग्णालयात, त्याच्या माणसांना शहराबाहेरच्या छावणीत, आणि त्यांच्या सामानाला आगीत जावे लागे. प्रेत गुपचूप पुरण्यास वा जाळण्यास बंदी होती. रोग्याला इतरांपासून वेगळे ठेवणे शास्त्राला धरूनच होते, हे आज आपण जाणतो. परंतु देवघरात बुटांनिशी शिरणारा परका शिपाई आणि भर रस्त्यात स्त्रियांच्या काखा तपासणारा परका हात, यांना शास्त्राचे नाव देता येत नाही.

याच काळात आपल्या कर्तव्याचा निराळा धडा काही माणसांनी घालून दिला. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर रुग्णांसाठी दवाखाना उघडला. आजारी मुलाला पाठीवरून दवाखान्यात आणताना सावित्रीबाईंनाच संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. लोकमान्य टिळक शहर सोडून गेले नाहीत. त्यांनी सरकारी जुलमावर टीका केली, तशीच संकटकाळी पळून गेलेल्या पुढाऱ्यांवरही केली, आणि हिंदूंसाठी वेगळे प्लेग रुग्णालय उभे केले.

यात पंडिता रमाबाईंची कहाणी ख्रिस्ती वाचकांनी विशेष ध्यानी ठेवावी अशी आहे. रमाबाई काही सरकारच्या वैरी नव्हत्या. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला होता आणि इंग्रज मिशनऱ्यांशी त्यांचा स्नेह होता. दुष्काळात होरपळलेल्या मुलींना त्यांनी याच सुमारास मध्य प्रांतातून, म्हणजे आसगाव ज्या प्रांतात होते तेथून, आपल्या आश्रयाला आणले होते. अशा रमाबाईंनी मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात पत्र लिहून पुण्याच्या प्लेग रुग्णालयात आणि छावणीत स्त्रियांची काय दशा होते ते मांडले. आपल्या संस्थेतील एक मुलगी तिथे नेल्यावर एका पहारेकऱ्याच्या ताब्यात गेली, असा गंभीर आरोप त्यांनी केला. त्याचे पडसाद इंग्लंडच्या पार्लमेंटपर्यंत उमटले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी मात्र हे कथन दिशाभूल करणारे म्हणून झिडकारले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी इंग्लंडात पुण्यातील अत्याचारांविषयी वक्तव्य केले होते. त्यांना पुरावे देता आले नाहीत आणि परतल्यावर बिनशर्त माफी मागावी लागली. रमाबाईंनी आपले शब्द मागे घेतले नाहीत.

दाद मागणाऱ्याला खोटा ठरवले की तक्रार संपत नाही, ती फक्त वाट बदलते. २२ जून १८९७ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव गणेशखिंडीच्या राजभवनात थाटाने साजरा झाला. ज्या शहराने तीन महिन्यांपूर्वी आपली माणसे छावणीत धाडली होती, त्याच शहराच्या वेशीवर दीपोत्सव आणि मेजवानी झाली. त्या रात्री परतताना रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट तत्काळ मरण पावले, रँड ३ जुलै रोजी. दामोदर चापेकर १८९८ मध्ये फासावर गेले, त्यांचे दोघे भाऊ १८९९ मध्ये. टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. रक्ताने कोणताच प्रश्न सुटला नाही. प्लेग तर पुन्हा पुन्हा येतच राहिला.

आधी स्वतःला टोचून

सक्तीपेक्षा निराळा मार्गही त्याच वर्षी दिसला होता. ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील छोट्या प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली गेली. तरुण आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर जाहीरपणे लस टोचून घेतली, तेव्हा शंका घेणारेही पुढे सरले.

मुंबईत मात्र सक्ती चालूच होती. ९ मार्च १८९८ रोजी एका आजारी मुलीची तपासणी करण्यावरून मदनपुऱ्यातील मुसलमान विणकरांच्या वस्तीत उद्रेक झाला, पोलिसांनी गोळीबार केला आणि दंगल शहरभर पसरली. त्यानंतर मात्र सरकारने धोरण सौम्य केले. घरझडती सैल झाली, प्रत्येक समाजाला आपापली रुग्णालये काढण्यास उत्तेजन मिळाले आणि आपल्या माणसांच्या देखरेखीखाली उपचार घेण्याची मुभा लाभली. विरोध ओसरला. लोक औषधाविरुद्ध नव्हतेच, हे यावरून उघड झाले.

लोकांची भीती नेहमीच निराधार असते असेही नाही. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली, त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला. बाटली उघडताना गावातच हलगर्जीपणा झाल्याचा पुरावा पुढे आला, आणि त्यांच्यावरचा कलंक १९०७ मध्ये दूर झाला. खरे काय घडले ते सांगण्यास पाच वर्षे लागली. त्या पाच वर्षांत अफवांना रान मोकळे होते.

आपल्या समाजाच्या स्मृतीत प्लेग उरला तो क्रुसांच्या रूपाने. वांद्रे, माझगाव, गिरगाव येथील गल्ल्यांत त्या वर्षांत ठिकठिकाणी क्रूस उभे राहिले. सायंकाळी शेजारपाजारची कुटुंबे तेथे जमून प्रार्थना करीत. आजही त्यांना ‘प्लेगचे क्रूस’ म्हणतात.

पुन्हा तोच कायदा

२०२० मध्ये हाच कायदा पुन्हा हाती आला. १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण चर्चच्या बंद दारांआड पार पडला. २७ मार्चच्या सायंकाळी पावसात, रिकाम्या चौकात एकटे उभे राहून प्रार्थना करणारे पोप फ्रान्सिस अनेकांनी घरातून पाहिले. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे त्या वर्षीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबर रोजी उघडली, १९२१ च्या नव्हे तर २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा मिटली आणि ७ ऑक्टोबरला घटस्थापनेच्या दिवशी उघडली. भाविकांनी हे सोसले, कारण हा नियम सर्वांना सारखा आहे अशी त्यांची समजूत होती.

तिला तडे गेले ते वरूनच. एप्रिल २०२० मध्ये, गावकऱ्यांना तालुक्याची हद्द ओलांडणे कठीण असताना, राज्याच्या गृहखात्यातील एका ज्येष्ठ अधिकाऱ्याच्या पत्रावर एका धनाढ्य कुटुंबातील तेवीस जण खंडाळ्याहून महाबळेश्वरला गेले. त्या अधिकाऱ्याला सक्तीच्या रजेवर पाठविण्यात आले, पण शेकडो मैल पायी चालणाऱ्या मजुरांच्या चित्राशेजारी ते पत्र लोकांच्या मनात कायमचे बसले. इंग्लंडातही निराळे घडले नाही. टाळेबंदीतील मेळाव्याबद्दल पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना एप्रिल २०२२ मध्ये दंड भरावा लागला. राणी एलिझाबेथ मात्र एप्रिल २०२१ मध्ये पतीच्या अंत्यविधीला नियमाप्रमाणे एकट्याच बसल्या होत्या. ज्या व्हिक्टोरिया राणीच्या उत्सवाची रोषणाई पुणेकरांना सलली, तिचीच ही खापरपणती.

तरीही सव्वाशे वर्षांत काही शहाणपण आले, हे मान्य केले पाहिजे. मार्च २०२०च्या अखेरीस मुंबई महापालिकेने कोविडने दगावलेल्या सर्वांचे, धर्म कोणताही असो, दहनच करण्याचा आदेश काढला. दफन करणाऱ्या समाजांना तो जिव्हारी लागला. काही तासांतच तो बदलण्यात आला. दफनभूमीलगतच्या काही रहिवाशांनी नंतर उच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा २२ मे रोजी न्यायालयाने सन्मानाने दफन होण्याचा मृताचा हक्क उचलून धरला. रमाबाईंना जे दार उघडलेले मिळाले नाही, ते येथे उघडले. दुसरा पालट त्याहून मोठा. १८९७ मध्ये दारावर थाप पडे ती बंदूकधारी शिपायाची. २०२० च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत दारात आली ती गावातलीच आशा स्वयंसेविका, नावाने ओळखणारी, सुखदुःख ठाऊक असलेली.

आता पुन्हा भंडाऱ्याकडे येऊ. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री, पहाटेपूर्वी, भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षात आग लागून दहा अर्भके दगावली. अवघ्या सात दिवसांनी, १६ जानेवारीला, देशभर कोविडच्या लसीकरणाचा आरंभ झाला. प्रथम लस घेतली ती डॉक्टर, परिचारिका आणि आरोग्यसेवकांनी, जशी हाफकिन यांनी घेतली होती. त्यानंतर ज्येष्ठांची पाळी आली, मग इतरांची. ज्या जिल्ह्याने सरकारी रुग्णालयात आपली दहा लेकरे गमावली होती, त्याच जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतील माणसे सरकारी केंद्रापुढे रांगेत उभी राहून दंड पुढे करीत होती. त्यांच्या मनात भीती नव्हती असे कोण म्हणेल?

लोक नियम पाळत नाहीत, असे म्हणण्याआधी सत्ताधाऱ्यांनी ती रांग आठवावी. सामान्य माणूस विश्वास उधार देतो. मांडवीतल्या, पुण्यातल्या माणसांनीही तो देऊ केला होता. त्याची परतफेड कशी झाली, हे इतिहासाने नोंदवून ठेवले आहे.