'मिल' शब्दाची कुळकथा

इंग्रजीतील 'मिल' हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की राइस मिल, तेलमिल, सॉ मिल म्हणताना तो परका वाटत नाही. मात्र भात भरडणारे, तेल गाळणारे आणि लाकूड कापणारे यंत्र एकाच नावाने का ओळखले जाते, याचे उत्तर त्याच्या दीर्घ प्रवासात सापडते.

लॅटिनमध्ये 'मोला' म्हणजे जात्याची तळी आणि 'मोलेरे' म्हणजे दळणे. त्यांवरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये दळणाच्या यंत्राला 'मोलिना' म्हणू लागले. तोच शब्द जुन्या इंग्रजीत 'मिलेन' असा आला आणि पुढे त्यातील अंत्य 'न' लोपून 'मिल' उरला. लोपलेला 'न' 'मिल्न' या आडनावात आजही टिकून आहे. दाढेला इंग्रजीत 'मोलर' म्हणतात ते ती अन्न दळते म्हणून, आणि संस्कृतचे अभ्यासक मॅक्स म्युलर यांच्या आडनावाचा जर्मन अर्थही गिरणीवाला असाच होतो. चिरडणे, दळणे या अर्थाचे संस्कृत 'मृणाति' हे क्रियारूपही भाषाशास्त्रज्ञ याच मूळ धातूशी जोडतात.

अर्थाचा विस्तार घडवला तो पाणचक्कीने. इंग्लंडमध्ये 1086 साली झालेल्या 'डूम्सडे' पाहणीत सुमारे सहा हजार गिरण्यांची नोंद आढळते. पाण्याच्या चाकाची शक्ती पीठ दळण्यापुरती मर्यादित नाही, हे लक्षात आल्यावर तेच चाक लोकरीचे कापड कुटून घट्ट करण्यासाठी, लाकूड कापण्यासाठी आणि कागदाचा लगदा करण्यासाठी जुंपले गेले, आणि दळण नसलेल्या या कामांनाही 'मिल' हेच नाव लागले. रिचर्ड आर्कराइट याने 1771 मध्ये क्रॉमफर्ड येथे उभारलेली सूतगिरणी पाण्यावर चालत असे. पुढे वाफेचे इंजिन आले, चाक गेले, तरी नाव कायम राहिले. अशा रीतीने यंत्राचे नाव इमारतीला आणि इमारतीचे नाव संपूर्ण कारखान्याला मिळाले.

मुंबईत हा शब्द कारखाना या अर्थाने दृढ झाला तो कापसामुळे. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची सूतगिरणी 1856 मध्ये ताडदेव येथे सुरू झाली, आणि पुढील काही दशकांत कोकण व देशावरून आलेल्या कामगारांच्या श्रमावर परळ, लालबाग, भायखळा हा गिरणगाव वसला. पिठाच्या आणि कापडाच्या अशा दोन्ही यंत्रशाळांना मराठीने 'गिरणी' हा एकच शब्द वापरला. इंग्रजीतील अर्थविस्तार मराठीतही तसाच घडला.

18 जानेवारी 1982 रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले आणि 'मिल' हा शब्द कारखान्याऐवजी जमिनीचा वाचक बनला. या बंद गिरण्यांच्या कामगारांना घरे देण्याचे ठरले, तेव्हा त्या घरांसाठी सुमारे दीड लाख अर्ज आले. त्या अर्जदारांसाठी 2,417 घरांची सोडत म्हाडा या सरकारी गृहनिर्माण प्राधिकरणाने डिसेंबर 2016 मध्ये काढली, आणि ही घरे होती पनवेल तालुक्यातील कोन येथे, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या भाडेतत्त्वावरील गृहनिर्माण योजनेत बांधलेल्या इमारतींमध्ये. करोनाकाळात याच इमारतींचा विलगीकरणासाठी वापर झाला आणि ताबा लांबत गेला.

गिरणगावापासून इतक्या दूर असलेल्या कोनमध्ये 'गिरणी' हा शब्द यंत्राचा, इमारतीचा किंवा जमिनीचाही वाचक नाही; 'गिरणी कामगार' ही तेथे घराच्या हक्काची पात्रता आहे, आणि ज्यांच्या श्रमावर मुंबई उभी राहिली त्यांचे देणे त्या दोन शब्दांत साठलेले आहे. मराठी शब्दकोशकारांनी 'मिल' आणि 'गिरणी' या नोंदींखाली दळणयंत्र व कारखाना या अर्थांच्या जोडीला हा अर्थही नोंदवायला हवा.