सुचलें कीं उघडच होतें?

घरांत आग लागतांच घंटा वाजविणारें यंत्र आतां पुष्कळांच्या परिचयाचें आहे. परंतु दिव्यांची वीज गेली असतां त्या यंत्रास वीज कोठून मिळावी? या प्रश्नावर ज्यास जी युक्ति सुचते तिचें तो पेटंट मागतो, आणि प्रतिपक्षाचें उत्तर ठरलेलें असतें: 'यांत नवें तें काय? हें कोणासहि सुचलें असतें.' अमेरिकेंत या वादाची कसोटी ज्या खटल्यांत घासून निघाली, त्यांपैकीं एक साध्या बॅटरीचाच आहे.

बर्ट ॲडम्स यांनीं एका बाजूस मॅग्नेशियम व दुसऱ्या बाजूस क्यूप्रस क्लोराइड ठेवून बॅटरी केली. तींत अम्ल नको. कोरडी ठेवावी, वेळ येतांच पाणी घालावें, कीं वीज सुरू. डिसेंबर १९४१ मध्यें त्यांनीं अर्ज केला, १९४३ सालीं पेटंट मिळालें. युद्धाचे दिवस, त्यांनीं ती लष्करास दाखविली. तज्ज्ञ म्हणाले, ही चालावयाची नाहीं. पुढें त्याच खात्यास ती चालते असें आढळलें व त्यानें कारखान्यांकडून ती करवूनहि घेतली; मात्र ॲडम्स यांस कांहीं कळविलें नाहीं. त्यांस हें समजावयास १९५५ साल उजाडलें!

१९६० सालीं त्यांनीं दावा लावला. सरकारचा बचाव काय? जस्ताऐवजीं मॅग्नेशियम १९२८ च्या एका पेटंटांत आहे, क्यूप्रस क्लोराइड १८९१ च्या ब्रिटिश पेटंटांत आहे. दोन्हीं एकत्र केलीं, एवढेंच. काल जें अशक्य, तें आज पोरखेळ! उखाण्याचें उत्तर ऐकल्यावर तो सोपा वाटावा हें स्वाभाविक आहे. पण ज्यानें उत्तरच नाहीं असें सांगितलें होतें, त्यानें तरी तसें म्हणूं नये, असें आम्हांस वाटतें.

२१ फेब्रुवारी १९६६ रोजीं सुप्रीम कोर्टानें ॲडम्स यांचें पेटंट उचलून धरलें. त्या धंद्यांतील सामान्य जाणकारास शोधाच्या वेळीं ती गोष्ट उघड दिसली असती काय, ही १९५२ च्या कायद्याची कसोटी. ॲडम्स यांची बॅटरी एकदां सुरू झाली कीं थांबत नसे, शिवाय तापे. असल्या बॅटऱ्या कुचकामाच्या, असा जाणकारांचा समज होता. जे दोष इतरांस त्या वाटेपासून परतवीत, तेहि हिशेबांत धरले पाहिजेत, असें कोर्टानें ठरविलें. एका न्यायमूर्तींचें मत मात्र विरुद्ध पडलें. युक्तिवादाच्या वेळीं वकिलानें पाण्याच्या पेल्यांत लहानशी बॅटरी सोडली आणि तिला जोडलेला दिवा न्यायमूर्तींच्या देखत लागला, असें सांगतात.

२००७ सालीं याच कोर्टानें मोटारीच्या पेडलचें एक पेटंट उघड युक्ति म्हणून मोडीत काढलें. त्याहि निकालांत ॲडम्स यांच्या बॅटरीचा दाखला आहे.