दोष कुणाच्या माथी?

होटगी स्टेशनावर कधी उतरला असाल, तर तिथे फुटणाऱ्या दोन वाटा तुम्ही पाहिल्या असतील. एक वाट मुंबई-पुण्याकडून येते आणि वाडीवरून पुढे दक्षिणेत जाते. दुसरी विजापूर, बागलकोट करीत गदगला पोहोचते. एके काळी पहिली वाट मोठ्या रुळांची होती, दुसरी लहान रुळांची. आसपासच्या गावांत मराठी आणि कानडी ह्या दोन्ही भाषा एकाच ओसरीवर ऐकू येतात. आज जी हकीकत सांगायची आहे, तिच्यातली दोन माणसंही अशीच दोन वाटांवरची. एक मराठी रंगभूमीचा लाडका नट, आणि दुसरी विजापूरकडची एक गायिका.

नट म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व. १८८८ साली जन्मलेले नारायणराव १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि स्त्रीभूमिका करू लागले. त्यांचं लुगडं नेसणं, त्यांची केशरचना घरोघरच्या बायका उचलीत. १९११ सालच्या मार्च महिन्यात ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. नारायणरावांनी प्रयोग रद्द केला नाही. ते रंगभूमीवर उभे राहिले आणि गायले.

आता पाहा, ह्या एका प्रसंगावरून आजही दोन तट पडतात. कुणी म्हणतो, ‘ही खरी कलेची निष्ठा.’ दुसरा म्हणतो, ‘पोटच्या पोरीचं दुःख बाजूला ठेवून गाणं कसलं गायचं?’ दोघंही एकाच प्रसंगाकडे बोट दाखवतात. ह्यात पहिला धडा आहे. घटना एक असते, तिचा अर्थ लावणारी मनं अनेक असतात.

परंतु त्यांच्या आयुष्यातला मोठा वाद ह्याहून निराळा आहे. तो आहे गोहरबाई कर्नाटकी ह्यांच्याविषयी. तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातलं बिळगी हे त्यांचं गाव. चित्रपटांतून गाजलेल्या गायिका अमीरबाई कर्नाटकी ह्या त्यांच्या बहीण. गोहरबाईंनी बालगंधर्वांची गायकी इतकी आत्मसात केली होती की जाणत्यांनाही नवल वाटे. १९३८ च्या सुमारास त्या त्यांच्या नाटक मंडळीत आल्या आणि नायिकेच्या भूमिका करू लागल्या. पुढे दोघं एकत्र राहू लागले. लग्नही झालं.

मग काय, गावोगाव एकच बोलणं सुरू झालं. ‘ह्या बाईनं आमचा देवमाणूस बुडवला!’ स्नेही दुरावले, चाहते रागावले. बाई मुसलमान, त्यातून गाणारी, त्यातून परमुलखातली. तिच्या माथी दोष मारायला आणखी काय हवं होतं? हे बोलणं पिढ्यान् पिढ्या चालत आलं. तुम्हीही आजोबांच्या तोंडून ऐकलं असेल.

शिक्षक बंधुभगिनींनो, इथे आपल्याला सनावळीचा उपयोग आहे. मुलं म्हणतात, सनावळ्या पाठ करून करायचं काय? तर हे करायचं!

गंधर्व नाटक मंडळी निघाली १९१३ साली. खऱ्या अत्तराचा सुगंध, उंची गालिचे, भारी वस्त्रं ह्यांचा खर्च पहिल्यापासूनच अफाट. १९२१ च्या सुमारास मंडळी कर्जात गळ्यापर्यंत बुडाली होती. ते कर्ज नारायणरावांनी पुढच्या काही वर्षांत नाटकं करकरून फेडलं, ही त्यांच्या मोठेपणाची गोष्ट. मग १९३१ साली ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट आला. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला. थोड्या पैशांत गाणं, नट, देखावे सारं पडद्यावर दिसू लागल्यावर नाटक मंडळ्या एकामागून एक खचल्या. १९३४ च्या अखेरीस नारायणरावांनीही आपली मंडळी बंद केली आणि ते प्रभात कंपनीत गेले.

तिथे १९३५ साली व्ही. शांताराम ह्यांनी ‘धर्मात्मा’ हा बोलपट काढला. त्यात बालगंधर्व संत एकनाथ झाले. ह्या चित्रपटाचं मूळ नाव होतं ‘महात्मा’. त्या नावाने लोकांच्या डोळ्यांपुढे गांधीजी उभे राहतील म्हणून सेन्सॉरने हरकत घेतली आणि नाव बदलावं लागलं. अस्पृश्यांच्या घरी जेवणारे एकनाथ दाखवणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पण ज्यांना शालू नेसलेली भामिनी पाहायची होती, त्यांना पुरुषवेषातले बालगंधर्व रुचले नाहीत. नारायणरावांचं मनही पडद्यावर रमलं नाही. एका चित्रपटानंतर त्यांनी प्रभात सोडली आणि ते पुन्हा रंगभूमीकडे वळले.

आता फळ्यावर हे आकडे ओळीने मांडा. कर्ज १९२१, बोलपट १९३१, मंडळी बंद १९३४, आणि गोहरबाई १९३८. जी बाई आलीच नव्हती, तिनं घर बुडवलं कसं? उलट पडत्या काळात ती आली. पुढे नारायणरावांचे पाय अधू झाले, तेव्हाही ती सोडून गेली नाही. १९६४ साली ती वारली. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं. १९६७ साली तेही गेले.

म्हणून सगळे आक्षेप खोटे, असं मी म्हणत नाही. नारायणरावांची पहिली पत्नी लक्ष्मीबाई १९४० साली वारल्या. म्हणजे गोहरबाई आल्या तेव्हा त्या हयात होत्या. त्यांच्या वाट्याला आलेलं दुःख खरं होतं, आणि कलावंत मोठा म्हणून ते पुसून टाकता येत नाही. मात्र त्याचा जाब ज्याला विचारायचा, तो नारायणरावांना विचारायला हवा. लोकांनी तो एकट्या गोहरबाईंना विचारला. देवाला बोल लावायचा नाही म्हणून पुजाऱ्याला धरायचं, तशातली ही गत.

तर वाचकहो, कलावंताविषयी वाद घालताना तीन हिशेब वेगळे ठेवावेत. पैशाचा हिशेब वहीवरून करावा. घरच्या सुखदुःखाचा हिशेब घरच्यांच्या बाजूने करावा. कलेचा हिशेब कानांनी आणि डोळ्यांनी करावा. एका वहीतली रक्कम दुसरीत चढवली की अन्याय झालाच म्हणून समजा.

हे जुनंच आहे असंही नाही. आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे ह्यांनी २०१६ साली ‘सैराट’ काढला, तेव्हा पारापारावर असेच तट पडले. पोरं बिघडतील, असं एक म्हणे. जातीपायी पोरांचे जीव जातात तेच दाखवलंय, असं दुसरा म्हणे. असा वाद वर्गात आला तर मुलांना गप्प करू नका. एवढंच विचारा, ‘बाळ, तू तो चित्रपट पाहिलास का? आधी काय घडलं आणि मग काय घडलं?’

होटगीला गाडी बदलताना माणूस आधी पाटी वाचतो, मगच पाऊल उचलतो. कुणाच्या माथी दोष ठेवण्यापूर्वी तेवढं थांबायला काय हरकत आहे?